हात लावू नका

मरोळला, मिलिटरी रोडवरच्या एका गाळ्यात,
पाचव्या मजल्यावर आम्ही नऊ वर्षं ओसरी बांधली.
ओसरी म्हणजे आमचा प्लॅटफॉर्म.
तिच्यावर बसून इतरांनी आपापली ॲप लिहायची,
महिन्याचं भाडं द्यायचं
आणि आत काय आहे ते विचारायचं नाही.

बीकेसीतल्या काचेच्या इमारतीत त्यांची गच्ची.
आम्ही भाडं कमी केलं, त्यांनी माफ केलं.
आम्ही सहा भाषा दिल्या, त्यांनी चौदा.
आमचा इग्नेशियस तिकडे गेला, तिकडची एक मुलगी इकडे आली,
आणि पहिल्याच दिवशी म्हणाली,
इथे तर सगळं तसंच आहे. चहाचं मशीनसुद्धा.

फेब्रुवारीत त्यांनी जाहीर केलं: सोर्स खुला.
त्या रात्री मी तो उतरवून घेतला, वाचत बसले.
दिंडीदरवाजा उघडा, अंगण झाडलेलं,
सैपाकघराला कुलूप.
तरी टाळ्या पडल्या. आमचे अकरा ग्राहक गेले,
बारावा म्हणाला, मार्चएन्डपर्यंत थांबतो.

पाठारेंनी मीटिंग घेतली.
आमच्या खिडकीबाहेर विमान इतकं खाली येतं
की वाक्य मध्येच थांबवावं लागतं
आणि पुढे ते वेगळंच सुरू होतं.
"आपण टिकू," म्हणाले. मग विमान.
मग, "सगळंच खोलून टाकू. सैपाकघरासकट."
वकील ताम्हाणेबाई चष्मा पुसत म्हणाल्या,
"भटाला दिली ओसरी..."
पुढचं कुणी बोललं नाही.
नाव ठेवताना ही म्हण एकालाही आठवली नव्हती.

परवाना कुठला, यावर तीन दिवस गेले.
एक म्हणतो: घ्या, वापरा, विका, आमचं नाव तेवढं राहू द्या.
दुसरा म्हणतो: घ्या, पण जी भर घालाल
तीही अशीच उघडी ठेवा.
मी दुसऱ्यासाठी भांडले आणि जिंकले.
आमच्या विटा नेऊन गच्चीवाल्यांनी वर कुलूप लावू नये म्हणून.
राग होता तो. तत्त्व नंतर सुचलं.

साफसफाई माझ्याकडे आली.
लोकांसमोर जाण्याआधी कोडमधल्या टिपा पुसायच्या:
ग्राहकांची नावं, शिव्या,
"शनिवारी बघू", कुठला शनिवार कोण जाणे.
इग्नेशियसची एक: "आई होली स्पिरिटमध्ये. उरलेलं उद्या."
आणि तिच्याखाली उरलेलं सगळं, पूर्ण,
वेळ त्याच पहाटेची, चार दहा.
ती पुसली. परत टाकली. पुसली.

आणि एक माझी,
ळ, क्ष, ज्ञ यांना रांगेत बसवणाऱ्या तुकड्यावर:
"हे का चालतं माहीत नाही. हात लावू नका."
ती राहू दिली. खरी होती.

गुरुवारी चार वाजता बटण दाबलं.
काही झालं नाही.
कुणीतरी खालून वडे आणले, चटणी विसरला.
मागे मिठी कालच्याइतकीच काळी.

तेविसाव्या दिवशी यावलहून कुणा सादिक तडवीचा
बदल आला, सोबत चार ओळी:
"इथे दोन चुका आहेत.
एक अक्षर एक घर पुढे ढकलते, दुसरी तेवढेच मागे ओढते.
म्हणून चालत होते.
दोन्ही काढल्या आहेत. पाहून घ्यावे."

नऊ वर्षं मी त्या तुकड्याला वळसा घालून जात होते,
शेजारच्या घरातल्या कुत्र्याला घालावा तसा.

पाहून घेतलं. बरोबर होतं.
स्क्रीनवर त्याच्या ओळी हिरव्या,
आणि वर एकच लाल, वजाचं चिन्ह लावलेली:
हात लावू नका.

स्वीकारायला बोट उचललं,
तेवढ्यात विमान आलं.
ते जाईपर्यंत थांबले.